‘थोडीशीच शुगर आहे हो!’

आमच्याकडे मधुमेहाला कुणी मधुमेह म्हणत नाही. ‘शुगर’ म्हणतात, आणि ती कायम ‘थोडीशी’च असते! शिरूरच्या बाजारात भाजी घेताना भेटणाऱ्या मावशी असोत, नाहीतर दौंडहून रोज पहाटेच्या गाडीने पुण्याला नोकरीला जाणारे भाऊजी असोत, विचारलं की उत्तर ठरलेलं. “काही नाही हो, थोडीशी शुगर आहे. गोळी चालू आहे.” झालं, विषय संपला! पण जरा चिवटपणे पुढे विचारलं, की एकेक गोष्ट बाहेर यायला लागते. गोळी चालू आहे, पण गेल्या आठवड्यात संपली, ती आणायची राहिली. तपासणी केली होती, पण ती मागच्या दिवाळीच्या आधी. आणि डॉक्टरांकडे? “त्यांची चिठ्ठी आहे ना, मेडिकलवाला तीच बघून देतो.” ती चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची असते, घड्यांवर फाटलेली...

बचत गट, महिला मंडळ, शाळेतल्या पालकसभा अशा निमित्तांनी शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत माझं येणंजाणं असतं. मी काही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन संसारात पडलेली साधी गृहिणी. कुणी कोणतं औषध घ्यावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण घराघरांत ही ‘थोडीशी शुगर’ कशी नांदते ते जवळून बघते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे आकडे बघू या, कंटाळू नका. ‘आयसीएमआर-इंडियाब’ नावाची एक मोठी देशव्यापी पाहणी २००८ ते २०२० या काळात झाली. वीस वर्षांवरच्या एक लाख तेरा हजार माणसांची त्यात तपासणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशात शंभरातल्या ११.४ माणसांना मधुमेह. शहरात हे प्रमाण १६.४, खेड्यात ८.९. म्हणजे शहरातल्या मोठ्या माणसांत साधारण सहांमागे एक! एखाद्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला साठ बायका जमल्या, तर त्यांतल्या दहाजणींना मधुमेह असू शकतो, आणि त्या दहांपैकी काहींना तो आहे हे ठाऊकही नसतं.

“ते शहरात हो, आपल्याकडे कुठं?” असं कुणी म्हणेल. पण आपलं शिरूर आणि दौंड आता शहर की खेडं, हे तरी कुणी छातीठोकपणे सांगावं! रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत कामं चालतात. रात्रपाळीचा माणूस पहाटे घरी येऊन जेवतो आणि झोपतो. दौंडच्या रेल्वेवाल्यांचं जेवण गाडीच्या वेळेवर. शेतावर जायला मोटारसायकल, पाणी मोटारीचं, दळण विजेच्या चक्कीचं. कष्ट कमी झाले ते चांगलंच झालं, डोक्यावर हंडे वाहायचे दिवस परत यावेत असं कोणती बाई म्हणेल? पण कष्टाच्या दिवसांतलं जेवणाचं माप मात्र ताटात तसंच राहिलं, वर संध्याकाळचा वडापाव आणि दिवसाला पाच कप चहा वाढला. त्याच पाहणीतली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं, म्हणजे डॉक्टर ज्याला प्रीडायबेटिस म्हणतात त्यांचं प्रमाण देशात १५.३ टक्के निघालं, आणि त्यात शहर व खेडं यांत जवळजवळ फरकच नव्हता. उंबरठ्यावर सगळे सारखेच उभे आहेत.

दुसरा गैरसमज जाडीचा. “मी तर काडीसारखी, मला कशी होईल शुगर?” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! यावर मोठं काम आपल्या पुण्यातच झालं आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणातल्या आहाराचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. पण आपली बाळं वजनाने एवढी कमी असूनही त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. वरून बारीक, आतून चरबीचं बाळ! डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापला. उंची-वजनाचं गणित, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचं अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! तेव्हा वजनकाट्यावर उभं राहून खूश होण्यात फारसा अर्थ नाही. पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात.

त्या खेड्यांतली ती बाळं पुढे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळजवळ निम्मी मुलं कमी वजनाचीच होती. तरीही मुलांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर वाढलेली निघाली. अठराव्या वर्षी! लग्नाच्या बोलणीत पत्रिका बघतात, पगार बघतात, शेत किती एकर ते बघतात. असो.

आता मुख्य मुद्दा. साखर किती जणांना आहे यापेक्षा ज्यांना आहे आणि ज्यांची औषधं चालू आहेत, त्यांच्यापैकी किती जणांची ताब्यात आहे? याच ‘इंडियाब’ पाहणीचा यावरचा भाग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच निदान झालेल्या माणसांपैकी फक्त ३६.३ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर ठरलेल्या मर्यादेत होती. रक्तदाब ताब्यात असणारे ४८.८ टक्के. आणि साखर, रक्तदाब व वाईट कोलेस्टेरॉल हे तिन्ही ज्यांचे ताब्यात, असे फक्त ७.७ टक्के! म्हणजे शंभरांतले आठसुद्धा नाहीत. ‘गोळी चालू आहे’ या तीन शब्दांवर आपण किती विसंबून असतो, बघा.

ही तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी. नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी. रक्तातल्या लाल पेशी साधारण तीन-चार महिने जगतात आणि तेवढ्या दिवसांत रक्तात किती साखर फिरली ती त्यांना चिकटून राहते. उपाशीपोटीची साखर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास! तपासणी आहे म्हटल्यावर दोन दिवस भात सोडला, चहा बिनसाखरेचा घेतला, की रिपोर्ट छान येतो. एचबीए१सी मात्र वर्षभराच्या वहीसारखी, तिच्यापुढे लबाडी चालत नाही. साडेसहा किंवा वर असेल तर मधुमेह, आणि मधुमेह असलेल्या बहुतेकांनी ती सातच्या आत ठेवावी असं सांगतात. म्हाताऱ्या किंवा इतर आजार असलेल्या माणसांसाठी डॉक्टर हे माप थोडं सैल ठेवतात. एक गोष्ट खास आपल्यासाठी. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, लोह कमी असल्यास बरेचदा उगीच जास्त दिसतो. आपल्या भागात हिमोग्लोबिन कमी नसलेली बाई शोधावी लागते, म्हणून दोन्ही तपासण्या डॉक्टरांना एकत्र दाखवाव्यात.

मग साखर ताब्यात का राहत नाही? गोळी महाग म्हणून, असं मला आधी वाटायचं, आणि काही घरांत ते खरंही आहे. पण जास्त वेळा कारण वेगळंच असतं. बरं वाटतं म्हणून गोळी बंद होते! दौंडकडच्या एका गावातल्या आमच्या गटातल्या आत्याबाईंचंच बघा. गुऱ्हाळावर काम करणाऱ्या, एक दिवस घरी बसायच्या नाहीत. तपासणीत साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत रिपोर्ट चांगला आला. “आता नॉर्मल हाय म्हणल्यावर गोळी कशाला खायची? उगं किडन्या खराब व्हायच्या,” म्हणून त्यांनी गोळी सोडली. नॉर्मल आली ती गोळीमुळेच, हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. वर्षभराने पायाला कसला तरी खिळा लागला. लागला ते कळलंच नाही, कारण तळपायाची संवेदना गेलेली. चप्पल रक्ताने भिजलेली नातीने बघितली, तेव्हा समजलं. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं, पंधरा दिवस पुण्याला राहावं लागलं, आणि खर्चासाठी दारची गाय विकली गेली. गोळीने किडनी खराब होईल म्हणून घाबरलेल्या त्या बाईला, खरी किडनी वाढलेल्या साखरेने खराब होते, हे आधी कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं.

या पायांबद्दल फार बोललं जात नाही. तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामाला येते, आमच्या भागातली घरंच्या घरं वाटेवर सेवेला असतात, यवतचं पिठलं-भाकरी तर प्रसिद्धच आहे. तिथे पाय चेपून घेणाऱ्या वारकऱ्यांत अनवाणी चालणारे कितीतरी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालू नये, मग ती वारी असो की शेताचा बांध. विठोबा चपलेसकट ओळखतो! रोज रात्री तळपाय बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेने, नातवाने बघायचे, नाहीतर खाली आरसा धरायचा. गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत, कारण चटका बसलेला कळत नाही. पायाला मुंग्या येणं मात्र दर वेळी साखरेचंच नसतं. मेटफॉर्मिन नावाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपण बहुतेकजणी शाकाहारी, दूध पोरांना देऊन उरलं तर घेणाऱ्या. पुण्याच्या त्या खेड्यांच्या अभ्यासातही गरोदर बायकांत बी-१२ची कमतरता फार मोठ्या प्रमाणात सापडली होती. गोळी सोडायची नाही, पण डॉक्टरांना हे विचारायचं.

आता आपल्या राज्यात येऊ या, स्वयंपाकघरात! दौंड तालुका म्हणजे ऊस आणि गुऱ्हाळं. केडगावच्या बाजूला गेलं की हवेतच गोड वास. साहजिकच इथे प्रत्येकाची पक्की समजूत, “साखर वाईट, गूळ चालतो.” हायवेला गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्यापासून तर ही समजूत अधिकच घट्ट झाली आहे. शुगरवाले काका बिनदिक्कत दोन कप मारतात! पण गुळातला बहुतेक भाग साखरच असतो. थोडं लोह, थोडे क्षार असतात हे खरं, पण रक्तातली साखर वाढवताना गूळ काही लाजत नाही. हे गुऱ्हाळाच्या गावात सांगणं म्हणजे माहेरी जाऊन भावजयीच्या हाताला नावं ठेवण्यासारखं आहे, तरी सांगते.

शिरूरकडे तीच गत बाजरीच्या भाकरीची. भाकरी चांगलीच, मैद्याच्या पावापेक्षा शंभरपट चांगली. पण ‘चालते’ म्हटल्यावर दोनच्या चार होतात. ‘इंडियाब’च्याच आहाराच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. आपल्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी ६२ टक्के धान्य-साखरेसारख्या पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसतं पांढऱ्या भाताच्या जागी गहू किंवा भरड धान्य आणून फायदा दिसला नाही, एकूण पिष्ट कमी करून त्या जागी डाळी, कडधान्यं, दूध-दही आणलं तेव्हा धोका कमी झालेला दिसला. म्हणजे एक भाकरी कमी आणि मटकीची उसळ वाटीभर जास्त. मटकी, हुलगे, मूग काही परदेशातून आणायला नकोत.

आणि उपवास! हा विषय काढला की बायका माझ्याकडे रागाने बघतात. श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस... रांजणगावचा गणपती जवळ म्हटल्यावर चतुर्थी तर कुणी मोडत नाही. मोडू नका. पण उपवासाला आपण खातो काय? साबुदाण्याची खिचडी, म्हणजे निव्वळ पिष्ट. वरीचा भात, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा गुळातला लाडू. एरवीपेक्षा साखर जास्त वाढवणारा उपवास! नाहीतर दुसरं टोक, निर्जळी. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेऊन जेवलं नाही, तर साखर एकदम खाली जाते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरच्यांना वाटतं, अंगात आलं! अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. ‘दीक्षित की दिवेकर’ या वादात घराघरांत कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या, दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी खायचं. ज्यांना गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. नवरात्राच्या आधी आठ दिवस डॉक्टरांकडे जाऊन गोळीची वेळ विचारून यायची, मग देवीलाही समाधान.

आमच्या गटाच्या एका बैठकीत मी सहज विचारलं, “घरात कुणाला शुगर आहे? आकडा किती?” नवऱ्याचा आकडा बहुतेकींना तोंडपाठ! जेवणाआधीचा, जेवणानंतरचा, गोळीचं नाव, रंग, सगळं. सासूबाईंचाही माहीत. मग विचारलं, “आणि तुमचा स्वतःचा?” एकमेकींकडे बघायला लागल्या. एक वहिनी हसून म्हणाल्या, “आवो ताई, यांची तपासली ना, माझी कशाला? दीडशे रुपये कशाला घालवायचे?” घरात त्याच हाताचं, त्याच भांड्यातलं जेवण दोघं जेवतात. त्याची साखर तपासायची आणि तिची नाही. तिला वारंवार अंगावरून जातं, खाज सुटते, जखम भरत नाही, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो, दुपारी गळून जाते. तरी हे सगळं ‘बायकांचं असतंच’ या खात्यात जमा.

पैशांचं म्हणाल तर ते कारण आता तेवढं खरं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरतात. त्यांना “आम्ही बरे आहोत” म्हणून दारातूनच वाटेला लावू नका. रोजच्या जुन्या गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. महागड्या नव्या गोळ्यांपैकीही काहींचं पेटंट संपलं आहे, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं आणि कितीतरी कंपन्यांनी ती कमी किमतीत आणली. आपली गोळी त्यांत बसते का, हे डॉक्टरांना विचारायला लाजायचं कशाला? डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी वर्षातून एकदा सांगतात, ती बहुतेकजण करतच नाहीत, कारण ‘दिसतंय ना नीट’!

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती बाळंतपणातल्या साखरेची. गरोदरपणात पहिल्या तपासणीला आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. बाळंत झाल्यावर बहुतेकींची साखर उतरते आणि सगळे विसरतात. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो. म्हणून बाळ दीड महिन्याचं झालं की पुन्हा तपासणी, आणि नंतरही ठराविक काळाने करत राहायची. आपल्याकडे होतं काय, पहिलं बाळंतपण माहेरी. फाइल माहेरी, दवाखाना माहेरचा, डिंकाचे-अळिवाचे लाडू आईच्या हातचे. सव्वा महिन्याने लेक बाळाला घेऊन सासरी येते, तिच्यासोबत बाळंतविडा येतो, पाळणा येतो, फाइल मात्र आईच्या कपाटात राहते! सासरच्यांना साखरेचं माहीतच नसतं. कधी कधी मुद्दामच सांगितलेलं नसतं, ‘उगीच बोल लागेल’ म्हणून. दुसऱ्या खेपेला नवा दवाखाना, नवी फाइल, आणि पहिल्या वेळचं कुणी विचारलं तर, “काही नाही, थोडीशी आली होती.”

आमच्या गटाच्या पासबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आता आम्ही प्रत्येकीची तपासणीची तारीख आणि आकडा लिहायला सुरुवात केली आहे. हप्ता भरताना पान उलटलं जातंच. पहिल्याच महिन्यात त्या दीडशे रुपयेवाल्या वहिनी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात येऊन बसल्या, डब्यात पोळी-भाजी घेऊन. उपाशीपोटीची साखर १४८. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, १४४. १२६च्या वर म्हणजे मधुमेह. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, एचबीए१सीला रक्त घेतलं. वहिनी बाहेर येऊन बाकावर बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, “ताई, आता मी आणि हे, दोघांच्या गोळ्या एकाच डबीत ठेवल्या तर चालतील का?”

“वेगळ्या डबीत ठेवा,” मी म्हटलं. “आणि तुमच्या डबीवर तुमचं नाव लिहा.”